मागे न घेतलेलं गाऱ्हाणं

आमच्या गावात नुकसान करणारा सापडला नाही, तर लोक पोलिसांच्या आधी ग्रामदेवतेकडे जातात. गावकार, म्हणजे गावाच्या वतीनं देवीशी बोलणारा मानकरी, गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला साथ देतात. लहानपणी मला त्या एकसुरी ओरडण्याची गंमत वाटायची. दोन हजार पाचच्या आसपास ती कायमची गेली.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांनी समुद्रात टाकलेली जाळी कोणीतरी कापली. शेजारच्या दोन घरांचीही गेली. हे काम बाहेरच्या ट्रॉलरचं, एवढं उघड होतं. जाळं बोटीच्या पंख्यात अडकलं की ते सुरी चालवून मोकळे होतात. पण ट्रॉलर कोणता आणि हात कोणाचा, हे कळेना. बाबा पडवीत गप्प बसून राहिले. आई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. बाजारात मासे विकणारी बाई ती. देवळात गावकाराला तिनंच शब्द सांगितले: ज्यानं कापली त्याच्या घरात दिवा लागू नये, आणि समुद्रानं त्याला परत पाठवू नये.

गावकार थबकला. “बाय, इतक्या कडक नको गो.”

“तसाच घाला,” आई म्हणाली.

त्यानं तसंच घातलं. सगळ्यांनी साथ दिली. मीही दिली, चांगली घसा ताणून.

मग गाव वाट बघायला लागलं. ट्रॉलरवर पूर्वी कामाला असलेला एक जण माडावरून पडला, तर त्याला बघायला जाणाऱ्यांच्या डोळ्यांत दयेपेक्षा हिशेब जास्त होता. त्या बिचाऱ्यानं अंथरुणावरून पोरांच्या शपथा घेतल्या. कोणाच्या घरी ताप आला तरी शेजारी आवाज खाली आणून बोलायचे. कोणावर तरी काहीतरी येणार होतं, आणि ते आम्ही बोलावलं होतं.

माझा थोरला भाऊ रत्नागिरीकडच्या एका ट्रॉलरवर खलाशी होता. शिमग्याला तो घरी आला. आईनं जाळ्यांची गोष्ट सांगितली, गाऱ्हाण्याचंही सांगितलं. दुसरा कोणी असता तर त्यानं विचारलं असतं, कोणी कापली? भावानं विचारलं, “आये, शब्द काय घातलंस?”

आईनं त्याच्याकडे बघितलं. हातातलं ताट तिनं खाली ठेवलं.

पुढचं सगळं त्यानं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. काळोख होता, तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, शिव्या देत होता, त्यानंच सुरी भावाच्या हातात दिली. कापून झाल्यावर बाबांच्या जाळ्याचे पाण्यावर तरंगणारे बोये त्यानं ओळखले. दोन दिवसांत तो परत बोटीवर जाणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारच्या ख्रिस्ती बाईंकडे गेली. त्या निवृत्त शिक्षिका, आईचं नेहमीचं गिऱ्हाईक. टोपली मी धरली होती. आईनं विचारलं, “बाई, तुमच्या देवाकडे घातलेला गाऱ्हाणां मागे घेवक येता काय?”

बाईंनी कारण विचारलं नाही. काळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक उघडलं. हे स्तोत्र ख्रिस्ताच्याही आधीचं, यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रातलं, असं त्या म्हणाल्या. त्यात एक जण जिवाच्या भीतीनं देवाकडे न्याय मागतो. पण त्याआधी म्हणतो, माझेच हात मळलेले असतील तर वैऱ्यानं मला मातीत तुडवावं.

“तो न्यायाधीश नीतिमान आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे तो कोणाच्या बाजूचा नाही. हाक मारणाऱ्याच्याही नाही. त्यानं धनुष्य ओढून धरलंय. माणूस वळला नाही तर बाण सुटतो.”

“आणि माणूस वळलो तर?” आईनं विचारलं.

“म्हणून तर बाण अजून धरून ठेवलाय.”

मला त्या देवाचा रागच आला. आमची देवी निदान नारळ घेते, नवस ऐकते. आमच्यासाठी थोडं डोळ्याआड करणारा देव मला हवा होता.

जायच्या दिवशी सकाळी आई भावाला नारळ द्यायला म्हणून देवळात घेऊन गेली. गावकार होता, शेजारची दोन्ही घरंही तिनं बोलावून ठेवली होती. भाऊ ते बघून खांबाजवळच थांबला.

“जाळी माझ्या झिलान कापली,” आई भावाकडे हात करून म्हणाली.

गावकार चांगला माणूस. त्यानं आवाज मऊ केला. “तुझोच झील गो. गाऱ्हाणां मागे घेवया. देवी काय परकी नाय.”

“आणि दुसऱ्याचो झील असतो तर?”

आई देवीकडे तोंड करून उभी राहिली, हात न जोडता. मला वाटलं ती रडेल, विनवेल. मी मनातल्या मनात तिला विनवत होते की आये, माग, काहीतरी माग. तिनं काही मागितलं नाही. मग भाऊ खांब सोडून पुढे आला, देवीच्या पायरीवर हात ठेवला आणि म्हणाला, “मीच कापलंय.”

करणारा कबूल झाला, म्हणून गावकारानं गाऱ्हाणं सोडवलं. नवी जाळी भावानं भरून द्यायची असं ठरलं. घरी येताना तो आईच्या मागे चालत होता. पुलाजवळ त्यानं विचारलं, “आये, मी गप रवलंय असतंय तर?”

आई थांबली नाही, वळलीही नाही. “मी रडलंय असतंय,” ती म्हणाली. “पण मागे घेतलंय नसतंय.”