ताईची पोटरी आणि आमची अक्कल

आमच्या घरातल्या शहाण्या माणसांचा मला आजही संताप येतो, आणि त्यांत मीही आलेच. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर, आई मॅट्रिक, मी उल्हासनगरच्या कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. बेलवलीत आमच्या बिल्डिंगमधल्या कोणालाही फॉर्म भरायचा असला की तो आमच्याकडे यायचा. एवढी अक्कल एका घरात साठली की काय होतं, ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी थोरली ताई बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा दिसलं.

ताईचं सिझर झालं होतं. घरी आल्यापासून ती बाजेवर आडवी. खाली शेगडी, पोटाला घट्ट पट्टा, कानाला फडकं. उठायचं नाही, अंग बाहेर येतं. पाणी मागितलं तर दोन घोट, जास्त प्यायलं तर पोट सुटतं. पाइपात पाणी खेळतं राहिलं नाही की गाळ धरतो, हे वडिलांना कारखान्यात पक्कं ठाऊक होतं. घरी येताना ते ज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर राहायचं.

बाळ-बाळंतिणीच्या मालिशीला खरवईहून एक बाई यायची. सही म्हणून अंगठाच उठवायची. दहाव्या की अकराव्या दिवशी तिने ताईच्या डाव्या पोटरीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. पोटरी सुजून लाल झाली होती, तापली होती.

"या पायाला मी हात नाय लावायची," ती आईला म्हणाली. "आमच्या वाडीत एकीच्या पायात असंच रगत गोठलेलं, तो पाय चोळला, ती गेली. डाक्टरला दाखवा."

"कामचुकार मेली!" तिची पाठ वळताच आई म्हणाली.

वडिलांनी पेपरातून डोकं वर काढून निकाल दिला. रक्ताची गुठळी म्हाताऱ्यांना होते, नाहीतर हार्टवाल्यांना. चोविशीतल्या पोरीला कुठून होणार? शेजारच्या काकूंच्या मते ताईने चोरून दही खाल्लं होतं आणि पायात थंडी शिरली होती. मी म्हटलं, शीर आखडली असेल. सायन्सवालीने सांगितलं म्हणून ते सगळ्यांना पटलं.

मग तेल कोमट करून मीच पोटरी चोळली, चांगली जोर लावून. आई वाटी धरून उभी होती. ताई "नको गं, दुखतंय" म्हणून विव्हळत होती आणि मी, पोट फाडून घेतलंस आणि पायाला रडतेस, असं म्हणून तिला हसत होते. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला धाप लागली, छातीत कळा येऊ लागल्या. वडिलांनी कारखान्याची जीप मागवली आणि आम्ही तिला उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका सिंधी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एकदा तिच्या पायाकडे पाहिलं, एकदा ओठांकडे.

"पैर में खून जम गया था," ते म्हणाले. "ऑपरेशन के बाद लेटे रहने से जमता है, पानी कम पीने से जमता है. मसल के उसका टुकडा छाती में भेज दिया. मालिश किसने किया?"

"वो खरवई की बाई है ना, उसने," आई म्हणाली.

"ये अनपढ औरतें!" असं म्हणत डॉक्टर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला बसले. वडिलांनी मान डोलावली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिले.

रक्त पातळ करायच्या इंजेक्शनांनी ताई वाचली. त्या बाईची बेलवलीतली कामं मात्र सुटली, कारण आईने घरोघरी तिचं नाव घेतलं होतं.

हॉस्पिटलात एका दुपारी मी ताईच्या पायावरचं पांघरूण नीट करायला गेले, तर तिने पाय आखडून घेतला.

"ती बाई नको म्हणाली होती," ताई म्हणाली. "मी नको म्हणत होते. तू ऐकलंस कोणाचं?"