तिसऱ्या संगीतकाराने उडवलेली मिशी

आमच्या इमारतीखालच्या सलूनवाल्याचा हात आता थरथरतो, अशी बातमी जिन्याजिन्यातून फिरते आहे. मला ती तिघांनी सांगितली आणि तिघांनीही "कुणाला बोलू नका हं" असं बजावलं. साफ खोटं! वस्तादचा हात थरथरत नाही. थरथरतो तो रागाने, अख्खा.

सलूनमध्ये खुर्च्या दोन. खिडकीजवळची वस्तादची, आतली त्याच्या मेहुण्याची. दोघंही एका गुप्तहेराच्या चित्रपटमालिकेचे वेडे. पण मालिकेचे संगीतकार बदलत गेले आणि इथे भाऊबंदकी सुरू झाली. वस्ताद पहिल्याचा भक्त. त्याच्याच लयीत वस्तरा गालावरून उतरतो. मेहुणा तिसऱ्याचा. शेजारचा औषधवाला दुसऱ्याचा झेंडा घेऊन उगाच मध्ये पडतो.

मागच्या आठवड्यात बँकेचा गार्ड वस्तादपुढे मान टाकून बसला होता. मिशी कोरणं चाललं होतं. मेहुण्याने कुणाला न विचारता तिसऱ्याची नवी धून लावली. आधी बराच वेळ नुसती घुरघुर, मग एकदम धडाम! वस्ताद दचकला आणि गार्डच्या मिशीचा डावा पंख जमिनीवर आला.

"भावजी, वय झालं तुमचं," मेहुणा लगेच म्हणाला. "आता गल्ल्यावर बसा. खिडकीची खुर्ची मी सांभाळतो."

बघा, आयत्या बिळावर नागोबा! धडाम याचा आणि म्हातारा तो? मी तिथे फुकट पेपर वाचायला जाणारा माणूस, पण माझंही डोकं फिरलं.

"वय माझं झालं?" वस्ताद कडाडला. "अरे, पहिल्याचा हेर मांजराच्या पावलांनी यायचा. तुझ्या तिसऱ्याचा निघाला की चार गल्ल्यांपलीकडचा चोर चप्पल टाकून पळेल. हेर आहे की आगीचा बंब?"

"आणि दुसऱ्याची व्हायोलिनं?" औषधवाला म्हणाला. "मी तर रडलो होतो."

"तू खोकल्याच्या औषधाची जाहिरात बघूनही रडतोस. गप बस!"

पण बातमीला पाय फुटले होते. गिऱ्हाईकं आतल्या खुर्चीसाठी ताटकळायला लागली आणि खिडकीची खुर्ची रिकामी राहिली. वस्ताद तीच तीच कात्री पुसत बसायचा.

आज गार्ड, मिशीचा उरलेला पंखही उतरवलेला, पुन्हा दाढीला आला. मेहुण्याने कापड झटकलं. वस्ताद आडवा आला.

"साहेब, इथे बसा. आणि तू, लाव तुझ्या तिसऱ्याचं. तेच."

"माझ्या मानेवर प्रयोग?" गार्ड पांढरा पडला.

"बसा हो," मी धीर दिला. "मिशी राहिलीय कुठे आता जायला?"

धून सुरू झाली. घुरघुर वाढत गेली, तसा वस्तरा गळ्यावरून सरकत होता. औषधवाल्याने डोळे मिटले. मग वस्तादने सावकाश वस्तरा उचलला, टॉवेलला पुसला. धडाम! पुन्हा टेकवला आणि उरलेला गाल साफ केला. ओरखडासुद्धा नाही. गार्डने हनुवटी चाचपली, आरशात पाहिलं आणि खुर्चीतच पाय पसरले.

मेहुणा टाळी वाजवून ओरडला, "सापडलात भावजी! म्हणजे संगीताचा काही दोष नव्हताच!"

वस्ताद म्हणाला, "एकदा ऐकलं आणि धडाम कुठे येणार ते पाठ झालं. पहिल्याचं इतकी वर्षं ऐकतोय, हेर कुठल्या दाराने येणार ते अजून कळत नाही. जा, आपल्या खुर्चीवर जा."