नागपूरच्या जागेचा कौल

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. बाजारच्या दिवशी वडील इस्लामपूरच्या स्टँडवर ती वाटायचे, आणि उरलेली घरी यायची. देव आहे असं म्हणणाऱ्यांचे मुद्दे आणि ते कसे खोडायचे, हे त्यांत ओळीने छापलेलं असे. वाद घालायला मी कधी घाबरलो नाही. पण वादावर कुणाचं काही अडून आहे, अशी वेळ गेल्या वर्षीच आली.

चुलत बहिणीला नागपूरच्या सरकारी कॉलेजात डॉक्टरकीची जागा लागली होती. संध्याकाळी पाचच्या आत ती पक्की करायची होती, आणि त्याचा ओटीपी येणार होता नानांच्या फोनवर. नाना म्हणजे तिचे वडील, माझे चुलते. फौजेतून आल्यापासून ऊस बघतात. ते म्हणाले, "कराडात इंजिनियरिंग हाय की. नागपूर लय लांब. देवाचा कौल घेऊ."

दुपारी आम्ही तिघं गावच्या देवळात गेलो. गुरवाने दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नको. आम्ही वाट बघत बसलो. मला राहवेना.

"नाना, देव आहे हे कशावरनं म्हणता?"

"ऊस कशापासनं येतो?"

"कांडीपासनं."

"आन् कांडी?"

"उसापासनं."

"मग पयली कांडी कुणीतरी लावली असंलच की रं."

"मग त्या लावणाऱ्याला कुणी लावलं?"

"त्याला कोण लावतंय? तो हायच."

"ही सूट त्याला देता, मग उसालाच द्या की."

गुरव तोंडाला उपरणं लावून हसला. "नाना, ह्येला कारखान्यावर चेअरमन करा."

मी सोडलं नाही. "उजवी पडली तर देव बोलला, डावी पडली तरी देवच बोलला. मग काय झालं म्हणजे तुम्ही देव नाही म्हणाल?"

नानांनी खरंच विचार केला. "कुठलीच न्हाई पडली, तर बघू."

कुठलीच पडली नाही. चार वाजून गेले. हवा दमट होती, कळ्या चिकटून बसल्या होत्या. मी तसं म्हणालो. गुरव म्हणाला, "देव इचारात हाय." बहीण खांबाला टेकून हातातल्या मोबाईलवर घड्याळ बघत होती. आता ती नानांकडे वळली.

"नाना, देव न्हाई म्हणला का?"

"न्हाई."

"मग तुमी तरी न्हाई म्हणू नका."

नानांनी मूर्तीला हात जोडले. मग त्यांनी खिशातला फोन काढून तिच्या हातात दिला.

गप्प बसण्यातून होकारही निघत नाही आणि नकारही, हे सांगायला मी तोंड उघडलं. तिने मान वर न करता म्हटलं, "दादा, पाच वाजूस्तवर गप बस."

बसलो. मला हवं होतं तेच घडत होतं, पण ज्या रस्त्याने घडत होतं तो मला मान्य नव्हता, आजही नाही. पोरीचं शिक्षण दोन कळ्यांवर टांगायची गोष्ट नव्हे. जागा पक्की झाली आणि मी देवळाच्या पायरीवर नानांना हे तोंडावर सांगितलं.

ते चपला घालत होते. "आरं, सीमेवर मी भ्यालो न्हाई. पण पोरगी तिकडं एकटी म्हटलं की भ्या वाटतं. उद्या काय कमीजास्त झालं तर? माज्या एकट्याच्या हिमतीवर कसं म्हणू, जा म्हणून? संगं कुणीतरी पायजे का नको?"

"गरज आहे म्हणून देव आहे, असं होत नाही, नाना."

"न्हाई तर न्हाई. मग तू येतोस का तिला सोडायला? आन् महिन्या दोन महिन्यानं एकदा जाऊन बघून येशील?"

मी येतो म्हणालो.

"मग कराडवरनं गाडी कवा हाय ते बघ," नाना म्हणाले, आणि बहिणीने गाड्यांच्या वेळा उघडलेला स्वतःचा फोन लगेच पुढे केला.