दगडातला अक्रोड

भट्टीवाली मेली, हे भट्टीवालीला कळलं ते एका गिऱ्हाइकाकडून.

पाव घ्यायला आलेली परगावची बाई डोळे पुसत म्हणाली, "आत्ताच वरती जाऊन आले हो. काय ती म्हातारी! लाव्हा दारात आला तरी भट्टी सोडून हलली नाही. उभ्या उभ्या दगडात गेली. तिच्या देहाचा पोकळ साचा तेवढा राहिलाय. तिचा मुलगाच दाखवतो सगळं."

"भुवईवर खोक पडल्याची खूण आहे, तोच ना?"

"हो, हो! तुमच्या ओळखीचा?"

"आहे थोडासा," म्हणत भट्टीवालीने पाव असा आपटला की बाई दोन पावलं मागे सरली.

ही मूळचीच तापट. लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणाली होती, "हिचा राग नाकाच्या शेंड्यावर. पाव तिथेच भाजा, सरपण वाचेल." नवऱ्याने दारात अक्रोड लावला, तर त्यावरूनही ही जन्मभर त्याच्याशी भांडली. पानं कणकेत पडतात, मुळं भिंतीत घुसतात. तो हसायचा आणि झाडाला पाणी घालायचा. तो गेल्यावर पाणी ती घालू लागली, शिव्या देत देतच.

डोंगर फुटला तेव्हा लाव्हा काही झडप घालून आला नाही. गोगलगायीसारखा सरकत आला. माणसांना घरं उसवायलाही वेळ मिळाला. तिने दारं काढली, खिडक्या काढल्या, भट्टीचं लोखंडी झाकण काढलं, कौलंसुद्धा उतरवून गाडीत भरली. शेवटी लेकाने दंडाला धरून ओढून नेलं, हे खरं. पण मेलं कोणी नाही, कोंबडीसुद्धा नाही. अक्रोड तेवढा उपटून नेता आला नाही.

सगळं निवल्यावर ती बघायला गेली, तर जिकडेतिकडे काळाभोर दगड आणि त्यात एक गोल भोक. ओल्या खोडाला टेकलेला लाव्हा आधी गोठला होता, मग आतलं लाकूड जळून गेलं होतं. सालीची भेग न् भेग मात्र दगडाच्या आतल्या अंगाला उमटली होती. तिने आत हात घालून चाचपलं आणि तिथेच बसून रडली. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि वर जाणं सुटलं.

आज रागापुढे गुडघ्यांची काय बिशाद! खालच्या गावातली नवी भट्टी तशीच टाकून ती चढली. भोकापाशी एक गडी पहार घेऊन उभा होता आणि लेक त्याला सांगत होता, "इथून फोड. आत पायऱ्या कर. लोकांना उतरून फोटो काढायचेत."

"आधी माझं डोकं फोड!"

लेक दचकला. "आई, तू कशाला आलीस एवढं चढून?"

"मी कुठली येणार? मी मेले ना! जित्या आईला गाडून पोट भरतोस, लाज नाही वाटत?"

"झाड जळालं हे ऐकायला कोण येतं गं?" तोही भडकला. "आई मेली म्हटलं की लोक थांबतात. शेत गेलं, घर गेलं. दगडच उरलाय आपल्याला. दुसरं काय दाखवू मी?"

"तुझ्या बापाचं एवढंच उरलंय, मेल्या!"

ती काठावर बसली, पाय आत सोडले आणि छातीपर्यंत भोकात उतरली. "आता घाल पहार."

तेवढ्यात माणसांची नवी तुकडी वर आली. केसांत पीठ, डोळ्यांत अंगार, अर्धी दगडात गेलेली म्हातारी बघून सगळे थबकले. मग कोणीतरी टाळी वाजवली.

"टाळ्या कसल्या वाजवता? झाड आहे हे, अक्रोड! ह्या खोटारड्याच्या बापाने लावलेला! चालते व्हा इथून!"

टाळ्या आणखी वाढल्या. मोबाइल वर झाले. "काय जिवंत काम करते!" एक गृहस्थ म्हणाला.

लेक बघत राहिला. गड्याला त्याने पहार खाली ठेवायला लावली. मग आईजवळ उकिडवा बसून हळूच म्हणाला, "आई, रोज येशील? मी पाठीवर घेऊन येईन. मग फोडत नाही. दगडाला कोणाचा हातही लागू देणार नाही, तुझी शपथ."

त्याच्या एक सणसणीत ठेवून द्यावी असं तिला वाटलं. पण हात खाली भोकात अडकले होते आणि बोटांना सालीच्या भेगा लागत होत्या.

"किती वाजता मरायला यायचं, तेवढं सांग," ती म्हणाली.