बाजार कोळून प्यालेला माणूस

कुपवाडला माझ्या शेजारच्या गाळ्यात मोटार रिवाइंडिंग करणारे एक गृहस्थ आहेत. म्हणजे पाटीवर तसं लिहिलंय. सकाळी मुंबईचा शेअरबाजार उघडला की यांचं दुकान बंद होतं. शटर तेवढं वर असतं. जळकी मोटार घेऊन कुणी आलं, तर मोबाइलवरची नजर न काढता म्हणतात, "बाजार सुटू दे, मग बघू." पूर्वी मुंबईत दलाल वडाखाली उभं राहून सौदे करायचे, हे ते अशा थाटात सांगतात, जणू त्या वडाला पाणी यांनीच घातलं. शेअर चढला की यांची अक्कल, पडला की परदेशी लोकांची विक्री.

परवा त्यांच्या गावची एक बाई आली. नवरा फौजेत होता, तो गेल्यावर सरकारकडून रक्कम मिळालेली.

"भावजी, तुमी लय जाणकार हायसा. माझं बी पैसं बाजारात लावा."

मला वाटलं, आयतं गिऱ्हाईक सापडलं. आता वडापासून सुरुवात होणार. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

"वैनी, शेअर कोसळाय लागला की कवाकवा घेणाराच भेटत न्हाई. नुसतं बघत बसायचं. लेकरांचं पैसं हाय, पोस्टात ठेवा. चला, मी येतो."

आणि भर बाजाराच्या वेळेत तिला स्कूटरवर बसवून निघाले. परतल्यावर मी खवचटपणे विचारलं, "मग तुमचे कधी ठेवताय पोस्टात?"

ते हसले नाहीत. "ठेवायला राहिलं असतं, तर कवाच ठेवलं असतं, गड्या."