ज्वारीच्या परातीतलं बोट

आपल्या माणसाला दुसऱ्यानं जीव लावला म्हणून तुम्ही कधी जळलात का? ज्वारी पाखडल्याचा वास आला की मला कंधारची ती दुपार आठवते. माझा धाकटा भाऊ इतर लेकरांसारखा वाढत नव्हता. बोलायचा नाही, नेलकटर दिसलं की किंचाळायचा. त्याची नखं फक्त मीच कापायचे. त्याचे हात ज्वारीच्या परातीत पुरले की तो एकेक बोट आपणहून वर काढायचा. मग क्लाससाठी मला लातूरला धाडलं. दिवाळीत परतले, तर ओसरीवर परात घेऊन शेजारची काकू बसलेली, आणि त्याचं बोट तिच्या हातात. "आलीस व्हय बाई? लई गुणाचं लेकरू हाय, आता मलाच बोट देतंय," ती हसली. "द्या इकडं, काकू, मी कापते," म्हणत मी परात ओढली. त्यानं मूठ आवळली आणि तो तिच्याकडे सरकला. 'अशी लेकरं साऱ्या गल्लीची' असं लिहिलेलं पत्रक लातूरला जाण्याआधी गावभर मीच वाटलं होतं; त्या दुपारी ते फाडून टाकावंसं वाटलं. आज पुन्हा तेच लिहितेय. तुमच्या गल्लीत असं लेकरू असेल, तर त्याच्या आईकडून नेलकटर मागून घ्या. बहीण जळली तर जळू द्या.