आत्याबाईंचं म्हणणं

विनीता केतकरला चूक दिसली की तिचा हात शिवशिवायचा. सिंगापूरच्या बिशान भागातल्या त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमधल्या सूचनेत स्वल्पविराम चुकला असो, तिथल्या मराठी मंडळाच्या मसालेभातात काजू करपले असोत, नाहीतर नवऱ्याने चारचौघांत रंगवून सांगितलेल्या किश्श्यात वर्ष इकडचं तिकडे झालेलं असो, ती सोडत नसे. आणि गंमत म्हणजे तिला याचाच पगार मिळायचा. एका बँकेत ती अंतर्गत हिशेबतपासणी करायची. विनीता शाखेत येणार म्हटलं की भलेभले सकाळपासून कपाटं आवरायला लागत.

सांगलीहून बी.कॉम. होऊन, संजीवशी लग्न करून ती सिंगापुरात आली तेव्हा नुसती डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर राहायच्या परवान्यावर, होती. नोकरी मिळवली, चिकाटीने वर चढली. आता तिच्या विभागप्रमुख मॅडम लिम निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांनी विनीताला सरळ सांगितलं होतं, तू अर्धवेळ एमबीएला प्रवेश मिळव, तुझं नाव मी पुढे करते. काम येतं की नाही हा प्रश्नच नव्हता, वरच्या मंडळींना पदवी दिसायला हवी होती. विनीताला ती खुर्ची हवी होती, आणि हवी आहे असं म्हणायला ती लाजतही नव्हती.

प्रवेशासाठी जीमॅट नावाची परीक्षा द्यावी लागते. गणिताचा तिने फडशा पाडला. आपटली ती व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजी उतारे वाचून उत्तरं द्यायच्या विभागात.

"मी? इंग्रजीत?" ती संजीववर कडाडली, जणू पेपर त्यानेच काढला होता. "अरे, आख्ख्या विभागाचे अहवाल मी लिहिते!"

पण विद्यापीठाने या गुणांवर प्रवेश देता येणार नाही असं कळवलं. अर्जाची मुदत संपायच्या आत आणखी एकदाच बसता येणार होतं.

इंग्रजी तिचं उत्तमच होतं, दुखणं निराळं होतं. समजा, उताऱ्यात म्हटलंय की एका गावात वाचनालय रविवारी उघडं ठेवलं आणि मुलांचे मार्क वाढले. विचारलंय एवढंच, की लेखकाने काय गृहीत धरलंय? विनीता आधी त्या लेखकालाच धारेवर धरायची. वाचनालयामुळेच वाढले कशावरून? शिकवण्या लावल्या नसतील कशावरून? मग पर्यायांपैकी जो स्वतःला पटेल त्याच्यावर ती बेधडक खूण करायची, आणि तो हमखास चूक निघायचा.

"विनू, उत्तर उताऱ्यात असतं," संजीव म्हणायचा. "तू ते सांगलीहून आणतेस."

"लेखक चूक असला तरी?"

"चूक असला तरी."

हे काही तिच्या गळी उतरेना. चुकीच्या माणसाचं म्हणणं मुकाट्याने ऐकून घ्यायचं म्हणजे काय!

त्याच सुमाराला मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी एकांकिकेच्या तालमी सुरू झाल्या. निशिकांत नावाचा एक अकाउंटंट दरवर्षी स्वतःच लिहायचा आणि स्वतःच बसवायचा. हौगांग भागात त्याच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत तालीम चाले, आणि तिथले एक चिनी आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेली कॉफी हातात धरून रोज बघायला बसत. यंदा विनीता खाष्ट आत्याबाई झाली होती. भाचीचं शिक्षण तोडून तिला उजवायला निघालेल्या आत्याबाईंचं वाक्य होतं, "मुलीच्या जातीला एवढं शिकून काय करायचंय?"

विनीताने ते म्हटलं आणि पुढे आपल्या पदरचं जोडलं, "अर्थात, तिची इच्छा असेल तर शिकू दे."

निशिकांत एरवी गाईसारखा गरीब माणूस. त्या दिवशी मात्र त्याने वही आपटली. "विनीता, बास! दर वर्षी तू माझी पात्रं सुधारतेस. आत्याबाई चूक आहे हे प्रेक्षकांना कळतं, तू नको सांगूस. ती असं का म्हणते तेवढं पकड आणि म्हणून टाक. त्या म्हणण्याखाली तुझी सही नाही मागितलेली!"

विनीताला ते झोंबलं. तिरीमिरीत तिने पदर खोचला आणि ते वाक्य जसंच्या तसं असं काही फेकलं की भाची झालेली मेधा खरोखरच दचकली. मराठीचं अक्षरही न कळणारे आजोबा तिच्याकडे बघत नापसंतीने मान हलवायला लागले.

परतीच्या मेट्रोत सही नाही मागितलेली, सही नाही मागितलेली, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अभ्यासाचं पुस्तक उघडलं आणि पहिला उतारा त्याच्या लेखकाच्या आवाजात, हातवारे करून, वाचायला सुरुवात केली. हा वाचनालयवाला बाबा असं का म्हणतोय? बरं, म्हणू दे. उत्तर बरोबर आलं. पुढचंही आलं. मग काय, संजीवच्या पोह्यांसोबत रोज कधी एखादा घमेंडखोर अर्थतज्ज्ञ, कधी एखादी रडकी पक्षीमित्र. तो बिचारा मान खाली घालून खायचा, पण बायकोची गाडी रुळावर आलीय हे त्याला दिसत होतं.

परीक्षेच्या दिवशी घड्याळ, पर्स सगळं लॉकरमध्ये ठेवून ती पडद्यासमोर बसली. दैव पाहा, उतारा निघाला नेमका हिशेबतपासणीवर! न कळवता केलेल्या तपासणीमुळे कर्मचाऱ्यांचा विश्वास उडतो, म्हणून ती बंद करावी, असं लेखकाचं म्हणणं. विनीताची कानशिलं तापली. या गाढवाला शाखेत नेऊन एकेक कपाट उघडून दाखवावं! कच्च्या कामासाठी दिलेल्या पाटीवर तिने ठळक अक्षरात लिहिलं, 'आत्याबाई'. एक श्वास घेतला, आणि त्या गाढवाची बाजू त्याच्या आईनेही मांडली नसती इतक्या निष्ठेने मांडत सगळी उत्तरं दिली.

शेवटी गुण पडद्यावर आले. हवे होते त्यापेक्षा चढच होते. विनीताला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे, कोणी बघत नाही ना हे न पाहता, स्वतःची पाठ थोपटली. संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, समोरचा चहा निवेपर्यंत तिने संजीवला त्या उताऱ्यातली एकूण एक चूक ऐकवली.

प्रवेश मिळाल्याची ईमेल आली ती एकांकिकेच्या दिवशी, तोंडाला रंग लावताना. तिने फोन संजीवच्या हातात दिला आणि ती रंगमंचावर गेली.

"मुलीच्या जातीला एवढं शिकून काय करायचंय?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुण्या आजी न राहवून ओरडल्या, "अगं भवाने, शिकू दे की तिला!"

मिळाला हो आजी, प्रवेश मिळाला, असं ओरडून सांगावंसं विनीताला वाटलं, अगदी जिभेवर आलं होतं. पण ते काही निशिकांतने लिहिलेलं नव्हतं. तिने पदर खोचला, डोळे वटारले आणि आत्याबाईंचं पुढचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.